तीन दिवसांचं कॉलेज

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात जात होते, आणि तेही महिन्यातून फक्त तीन दिवस. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग बोटांवर वय मोजतात. मोजोत बापडे. मला तेव्हा लाज वाटली नव्हती, आता तर मुळीच वाटत नाही.

आमचं घर कुंभकोणमला, मेलकावेरीत. एका ओळीत चार मराठी घरं, चारही वैष्णव, चारही तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आलेली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. ते मराठीही असं की एकदा पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "तुम्ही बोलताय की पोथी वाचताय?" मी त्याला म्हटलं, आधी जेवून घ्या, पोथी नंतर ऐका.

या चार घरांच्या परसदारी मिळून एकच खोली होती. महिन्याचे तीन दिवस बाईनं दूर बसायचं ते त्या खोलीत. कुणाला शिवायचं नाही, विहिरीला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, सोवळ्याच्या फार कडक. सकाळी नवाला एकदा आणि दिवेलागणीला एकदा त्या खोलीच्या दाराशी यायच्या, वरून पानात वाढायच्या आणि मान वळवून निघून जायच्या. मधल्या वेळात मी तिथं आहे की नाही याच्याशी जगात कुणाला काही देणंघेणं नव्हतं. खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्याचा उपयोग मी केला नसता तर माझ्यासारखी मूर्ख मीच.

पण हे सगळं सुरू कशानं झालं ते आधी सांगते.

माझे वडील तंजावरला शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी मला इंटर करवलं आणि त्रिचीला वसतिगृहात ठेवून बी.ए.ला घातलं. दोन सत्रं झाली आणि कृष्णस्वामींचं स्थळ आलं. मुलगा सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, घराणं चांगलं, मुलगी आधीच अठराची. वडिलांनी पत्र लिहिलं, मी पेटी आवरली. तेव्हा मी रडले नाही. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी पेटीतली पुस्तकं माळ्यावर टाकायला सांगितली तेव्हा मात्र मला एवढा राग आला की मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पुढे पंचवीस वर्षं गेली. दोन मुलगे झाले, शिकले, एक मद्रासला गेला आणि एक जमशेदपूरला. घरात आम्ही तिघं उरलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांना जाऊनही तोवर सात-आठ वर्षं झाली होती.

पंचावन्न सालची गोष्ट. तिसऱ्या घरची सून सुंदरी, एकोणीस वर्षांची पोर, माझ्याबरोबर त्या खोलीत दूर बसली होती. मी वाती वळत होते. ती म्हणाली, "काकी, लग्नाला आठ महिने झाले. हे माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. पाणी हवं असलं तरी सासूबाईंना सांगतात. मी काय करू?" मी वातीवरून नजरसुद्धा काढली नाही. म्हटलं, "सगळ्यांचं असंच असतं. एक मूल झालं की होईल सुरळीत. तोवर गप्प राहा आणि सोस." ती बरं म्हणाली.

पाचव्या दिवशी सुंदरीनं विहिरीत उडी टाकली. माणसांनी तिला जिवंत वर काढली. तिचे वडील येऊन तिला आडुतुरैला घेऊन गेले. तेव्हापासून ती कुणाशी बोललेली नाही. मी तिला गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, आणि ती राहिली. मला कुणी बोल लावला नाही, कारण आमचं बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

मग मी विचार केला. चार घरच्या बाया त्या खोलीत येतात, मनातलं काढून माझ्यासमोर ठेवतात, आणि मी अडाण्यासारखी तोंडाला येईल ते सांगते. माणसाचं ऐकायचं कसं हे शिकवत असतील कुठंतरी. शिकवत होते. आमच्या गावच्या कॉलेजात मानसशास्त्र होतं आणि त्याला त्याच सुमारास एक नवी पत्रिका, म्हणजे परीक्षेचा पेपर, आली होती, मार्गदर्शनाची. आता त्याला समुपदेशन म्हणतात. तेव्हा आमच्याकडे त्याला नीटसा शब्दही नव्हता.

मी आत्याबाईंना सरळ विचारलं. चोरून काही करायची माझी रीत नव्हती. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "या घरची सून पोरांच्या रांगेत बसायची नाही. नातवंडं यायचं वय झालं तुझं." मी म्हटलं, "नातवंडं आली की त्यांनाही शिकवीन." त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं ना गे." आणि सूप उचलून आत गेल्या.

आमचे हे ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. कचेरीतल्या सवयीनं कागद पुढे आला की ते सही करत. तशी त्यांनी केली आणि मग घाबरून म्हणाले, "आईला कळू देऊ नकोस हं." एवढीच त्यांची मदत. पण तीही मी विसरणार नाही.

कॉलेजात गुरुमूर्ति नावाचे लेक्चरर मानसशास्त्र शिकवत. माझ्या थोरल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. मला बघून ते उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, कुणा विद्यार्थ्याची आई गाऱ्हाणं घेऊन आली.

"कुणाच्या आई तुम्ही, अम्मा?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"दोघांची. पण आले मी माझ्यासाठी."

त्यांनी नियम सांगितला. बाईला बाहेरून बी.ए.ला बसता येईल, रोज वर्गात बसायची सक्ती नाही. पण मानसशास्त्राचे प्रयोग कॉलेजात येऊनच करावे लागतील आणि सगळे प्रयोग झाल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. महिन्यातून तीन दिवस यावं लागेल. "कोणते तीन दिवस जमतील?" त्यांनी विचारलं.

मी तारखा दिल्या. पुढच्या महिन्यात त्या दोन दिवस अलीकडे सरकल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी दोन. तिसऱ्या महिन्यात गुरुमूर्ति म्हणाले, "अम्मा, तारखा एकच ठेवल्या तर मला सोपं जाईल." मी म्हटलं, "तुम्हाला जाईल. मी दूर बसते तेव्हाच मला घरातून निघता येतं." बिचारे कानापर्यंत लाल झाले आणि उगीचच टेबलावरचं घड्याळ उचलून कानाला लावलं. नंतर त्यांनी तारखांचं नाव काढलं नाही.

तर असं माझं कॉलेज. सकाळी नवाला आत्याबाई वाढून गेल्या की मी जेवायचे, ठेवणीतलं लुगडं नेसायचे आणि मागच्या गल्लीतून निघून कोपऱ्यावर घोड्याचा जटका करायचे. खोलीत दुसरी कुणी बसलेली असली तर ती माझ्या मागे दाराला कडी घालायची. चारही घरच्या बायांना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांना त्या खोलीत आणून बसवायला हवं होतं.

वर्गातली पोरं पहिल्या दिवशी खुसखुसली. आरशात बघून कागदावर चांदणी गिरवायचा एक प्रयोग होता. त्यांच्या पेन्सिली चारी दिशांना पळत होत्या. मी आयुष्यभर पाटावर उलट्या बाजूनं रांगोळी पुरी करत आलेली बाई, मी पहिल्याच खेपेला ती गिरवली. त्यानंतर पोरं मला जागा धरून ठेवू लागली.

अवघड गेला तो ऐकायचा प्रयोग. खऱ्या माणसाशी बोलायचं, ते काय म्हणालं नि आपण काय म्हटलं ते नंतर लिहून काढायचं, नाव लिहायचं नाही. माणसं मला खोलीतच मिळत होती, त्यांना विचारूनच मी लिहायचे. माझी पहिली वही गुरुमूर्तींनी परत दिली. म्हणाले, "अम्मा, यात त्या बाई सात वाक्यं बोलल्यात आणि तुम्ही बावीस."

"त्या चुकत होत्या म्हणून."

"सल्ला द्यायची घाई झाली की जीभ दाताखाली धरत जा."

मला फार राग आला. घरी येईपर्यंत जटक्यात मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले. पण मला सुंदरीशी बोललेली माझी तीन वाक्यं आठवत होती, आणि ती पुन्हा म्हणायची नव्हती. तेव्हा मी खरोखरच जीभ दाताखाली धरायला लागले. कित्येकदा दुखायची. हळूहळू माझी वाक्यं बारावर आली, मग पाचावर. बाया बोलायला लागल्या. जे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते सांगायला लागल्या, आणि कितीदा तर बोलता बोलता त्यांना स्वतःलाच सुचायचं की काय करायचं. मला तेव्हा असं वाटायचं की याच कामासाठी मी जन्मले आणि पंचवीस वर्षं उगीच सांबार ढवळत बसले.

आणि मग माझं दूर बसणंच बंद झालं.

वय होतं, झालं. सत्तावन्नच्या मे महिन्यात आलं नाही, जूनमध्ये आलं नाही. दुसऱ्या एखादीला सुटका वाटली असती. मी परसात डोकं धरून बसले. अकरा प्रयोग राहिले होते. आत्याबाईंना सांगावं तर मी बारा महिने तीस दिवस घरात, आणि कॉलेज संपलं. मी जुलैत नेहमीच्या सुमारास बोचकं उचललं आणि खोलीत जाऊन बसले.

खोटं होतं. मी कुठं नाही म्हणते? पण बघा, दूरची बाई घरात वावरली असती तर बाटवाबाटव. मी तर धड शुद्ध असून दूर बसत होते. देवाला यात दुखायला काय होतं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. आठ महिने मी अशी बसले आणि सगळे प्रयोग पुरे केले.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीअखेर प्रयोगपरीक्षेचं पत्र आलं. शुक्रवार, चौदा मार्च, सकाळी दहा. बाहेरचे परीक्षक एक दिवसापुरते येणार. तो दिवस चुकला तर वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी ती पत्रिका ठेवायची की नाही हेच ठरलेलं नव्हतं. मी पंचांग काढलं. फाल्गुन वद्य नवमी. मामंजींचं श्राद्ध.

श्राद्धाचा स्वयंपाक सुनेनं करायचा. पहाटे ओलेत्यानं चूल पेटवायची, दुपारी ब्राह्मणांची पानं वाढून होईतो सोवळ्यातून हलायचं नाही. दहाला कॉलेजात पोचणं केवळ अशक्य.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना सगळं सांगितलं. दूर बसणं बंद झाल्याचंही. हे बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मग सोपं आहे की. त्या दिवशी तू दूर बस. या वयात मागेपुढे होतंच म्हणतात. आईला शंकाही यायची नाही."

खरंच सोपं होतं. पण आमच्यात एक चाल आहे. श्राद्ध करणाऱ्याची बायको त्या दिवशी दूर बसलेली असली तर श्राद्ध होत नाही. तिथी सोडून पाचव्या दिवशी करतात. म्हणजे मी खोटं बोलले असते तर मामंजींचं पान त्यांच्या दिवशी मांडलं गेलं नसतं. आतापर्यंतच्या माझ्या खोट्यानं कुणाच्या ताटातला भाताचा कण हलला नव्हता. या खोट्यानं एका मेलेल्या माणसाची तिथी हलणार होती. मी पितरांबद्दल फार काही मानते असं नाही. पण आत्याबाई मानत होत्या. वर्षातला तो एक दिवस त्यांचा नवरा जेवायला घरी येतो अशी त्यांची खात्री होती.

आणि दुसरं असं की मला स्वतःचाच संताप आला. मी काय चोरी करत होते? दोन वर्षं मागच्या गल्लीतून, जमादारणीच्या वाटेनं, तोंड झाकून कॉलेजात गेले. परीक्षेला तरी मी पुढच्या दारानं जाईन.

"मी दूर बसणार नाही," मी यांना म्हटलं. "मी खरं सांगणार."

"अगं, कशाला?" हे म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला कीवच आली.

आठ दिवस आधी आमचे आचार्य, व्यंकोबा, श्राद्धाचं ठरवायला आले. ओसरीवर ते आणि हे बसले होते, आत्याबाई दाराआड उभ्या होत्या. आचार्यांनी चालीप्रमाणे विचारलं, "सूनबाईंची अडचण नाही ना त्या दिवशी?"

आत्याबाई म्हणाल्या, "नाही, अजून पंधरा दिवस आहेत तिला." बोटं मोजून त्यांनी हे नीट लक्षात ठेवलं होतं.

मी बाहेर आले. "आत्याबाई, पंधरा दिवसांनीही नाही. माझं मागच्या मे महिन्यापासून बंद झालंय."

आचार्यांनी उपरण्यानं घाम पुसायला सुरुवात केली. मी थांबले नाही. एकदा थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. "मी आठ महिने खोटीच दूर बसत होते, आणि त्या दिवसांत मागच्या दारानं कॉलेजात जात होते. त्याच्या आधी खरी बसत होते तेव्हाही जात होते. श्राद्धाच्या शुक्रवारीच माझी परीक्षा आहे आणि मी जाणार आहे. ही तिथी तुमच्या पद्धतीनं तुमच्याच दिवशी व्हावी म्हणून खरं सांगितलं. नाहीतर एक शब्द बोलायची मला गरज नव्हती."

आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. चौऱ्याहत्तरीची बाई. मला वाटलं ओरडतील. त्या अगदी हळू म्हणाल्या, "स्वयंपाक कोण करेल?"

"वडे-पायसाची तयारी मी आदल्या दिवशी करून ठेवीन. चूल तुम्हाला पेटवावी लागेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तरी जाईन. आणि बी.ए. झालं की मद्रासला याच विषयाचा एक वर्षाचा वर्ग आहे, तिकडंही जाईन. थोरल्याकडे राहीन." हे शेवटचं मी ठरवलेलं नव्हतं. रागाच्या भरात तोंडातून गेलं, आणि गेल्यावर कळलं की ते खरं आहे.

"आजपासून माझ्या चुलीला तू हात लावायचा नाहीस," आत्याबाई म्हणाल्या. "दूरच्या खोलीची एवढी आवड आहे, तर राहा तिथंच." त्या आत गेल्या. आचार्य घाईघाईनं उठले. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना पोचवायला गेले.

ते आठ दिवस मी त्या खोलीत काढले. दूर बसलेली नसताना, शुद्ध असताना, घरच्या सुनेनं. तिथं बसून मी अभ्यास केला. आत्याबाई दोन वेळा येऊन वाढत होत्या, तशाच मान वळवून. मला अपमान वाटला नाही म्हटलं तर ते खोटं होईल. वाटला. पण त्या अपमानानं माझी उजळणी मात्र तीनदा झाली.

शुक्रवारी पहाटे आत्याबाईंच्या चुलीचा धूर परसात आला. कढईचा आवाज ऐकत मी न्हाले, लुगडं नेसले, आणि साडेनवाला घराला वळसा घालून रस्त्यावर आले. आमच्या पुढच्या दाराशी जटका उभा होता. मी तो तिथंच यायला सांगितला होता. ओसरीवर ब्राह्मण येऊन बसले होते, शेजारची माणसं उभी होती. मी सगळ्यांच्या देखत वह्या काखेत धरून जटक्यात चढले. हे पितांबर नेसून दारात उभे होते. ते म्हणाले, "पेन घेतलंस ना?" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी दाखवलेलं ते सर्वांत मोठं धाडस.

परीक्षक म्हातारे होते. माझे प्रयोग बघितले, वह्या चाळल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "या वयात हे कशासाठी?"

मी म्हटलं, "साहेब, अठराव्या वर्षी मी हे शिकले असते तर तेव्हा मला कुणी आपलं दुःख सांगायला आलं असतं का? आता येतात. तर आता शिकायला नको?"

त्यांनी गुरुमूर्तींकडे पाहिलं. गुरुमूर्ति खिडकीबाहेर बघत होते, पण हसू लपत नव्हतं. परीक्षकांनी पुढचा अर्धा तास मला वयाबद्दल काही विचारलं नाही, आणि विषयाबद्दल खूप विचारलं.

घरी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. श्राद्ध उरकलं होतं, ब्राह्मण गेले होते, हे ओसरीवर आडवे झाले होते. मी परसातल्या खोलीत गेले. पान वाढून ठेवलं होतं. कारल्याची भाजी, कच्च्या केळ्याची भाजी, पायस, चार वडे. वडे एका बाजूनं थोडे करपले होते. आत्याबाईंना आता नीट दिसत नसे. मी सगळे खाल्ले.

हात धुऊन आले तो आत्याबाई खोलीच्या पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडे पाठ करून, परसाकडे तोंड करून. मला वाटलं, आता राहिलेलं बोलून घेणार. मीही तयारच होते. परीक्षेनं तोंड चांगलं चाललं होतं.

"तू मला फसवलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू अभ्यासाला बसलीस इथं. मी नुसती झोपायला बसायचे."

मला कळलं नाही.

"तेव्हा घरात चौदा माणसं होती. पहाटे चारपासून रात्रीपर्यंत मी उभी. महिन्यातून हे तीन दिवस पाठ टेकायला मिळायची. मग सेहेचाळिसाव्या वर्षी माझं बंद झालं. मी कुणाला सांगितलं नाही. दर महिन्याला येत राहिले. यायचे आणि या भिंतीला तोंड करून झोपायचे." त्यांनी मागे न बघता हातानं भिंत दाखवली. "मग माझ्या सासऱ्यांची तिथी आली. आठ दिवस घरात पाहुणे होते, माझ्या पायांत जीव नव्हता. मी दूर आहे म्हणून सांगितलं नि येऊन झोपले. श्राद्ध पाचव्या दिवशी झालं."

परसात कावळे पिंडाची शितं टिपत होते. आत्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"त्याच साली आषाढात माझा धाकटा गेला. तापानं. अकरा वर्षांचा होता. मी सासऱ्यांचं पान चुकवलं म्हणून गेला. मी आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या मामंजींनासुद्धा नाही. तू त्या दिवशी सगळ्यांदेखत खरं सांगितलंस आणि मला तुझा एवढा राग आला की तुला मारावं असं वाटलं. तुला जमलं ते मला का नाही जमलं?"

माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली होती. तसं काही नसतं आत्याबाई. ताप तापानं येतो. तुमचा काय दोष. सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही त्यांनी मागितलं नव्हतं. मी जीभ दाताखाली धरली.

"आता मूग गिळून का बसलीस?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं शिकलीस ना? सांग की, पाप आहे की नाही?"

घरात एक मूल गेलं होतं एवढंच मला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

आत्याबाई वळल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जानकीराम," त्या म्हणाल्या. तोंडात एखादी जुनी वस्तू सापडावी तसं म्हणाल्या, आणि मग पुन्हा एकदा म्हणाल्या. तो डावखुरा होता. त्याला पोहता येत होतं. जेवताना तो भातावरचं तूप आधी चाटायचा आणि मार खायचा. गणितात तो यांच्याहून हुशार होता. त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. त्या सगळ्या वेळात माझी चारसुद्धा वाक्यं झाली नसतील. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

दिवेलागण झाली तेव्हा त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पदरानं तोंड पुसलं. उतरायच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "उद्या पहाटे न्हाऊन चुलीशी ये. माझ्यानं आता वडे तळवत नाहीत." मी हो म्हटलं.

"आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "त्या मद्रासच्या वर्गाला मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मी विचारलेलंही नाही, आत्याबाई," मी म्हटलं.